दुपारी दोन वाजता तुमची बाल्कनी काय करते?

बिगोनिया आणायचाय? आणा की! पण नर्सरीत जाण्याआधी एका रविवारची दुपार बाल्कनीला द्या.

एक सोपा प्रश्न. उत्तरासाठी गूगल नको, फक्त आठवायचं. मंगळवारी दुपारी दोन वाजता तुमच्या बाल्कनीत ऊन असतं का? असलं तर कुठपर्यंत येतं? कठड्यापर्यंत, मधल्या फरशीपर्यंत, की थेट हॉलच्या सरकत्या दारापर्यंत?

अडलात ना? अडणारच. मंगळवारी दोन वाजता तुम्ही मीटिंगमध्ये असता, नाहीतर कॅन्टीनच्या रांगेत. सकाळी आठला घर सोडायचं आणि रात्री साडेआठला लिफ्टने वर यायचं. घराचं भाडं किंवा ईएमआय आपण भरतो, पण त्या घराची दुपार आपल्या ओळखीची नसते. रविवारी घरी असतो खरे, पण तेव्हा पडदे ओढलेले आणि जेवण अंगावर आलेलं! घरून काम असेल त्या दिवशीही स्क्रीनवर चमक येते म्हणून पडदे बंदच.

झाडाला ही सोय नाही. नर्सरीतून हौसेने आणलेला बिगोनिया चोवीस तास त्या बाल्कनीतच राहतो. तुम्ही त्याला सकाळी पावणेआठला पाहता, तेव्हा तो ताजातवाना असतो. रात्री नऊला पाहता, तेव्हा अंधारात सगळी झाडं सारखीच दिसतात. मधल्या वेळात त्याच्यावर काय बेततं ते कळतं थेट शनिवारी. पानांच्या कडा करपलेल्या, फुलं गळलेली. मग आपण काय करतो? पाणी घालतो. अजून पाणी घालतो. पुढच्या शनिवारी खोड बुडाशी मऊ पडलेलं असतं, आणि फोनवर आईला सांगितलं जातं, 'माझ्या हाताला गुणच नाही गं, झाडं जगतच नाहीत माझ्याकडे.'

हाताच्या गुणाचं हे प्रकरण फार मनावर घेऊ नका. एखाद-दोन कुंड्या गेल्या की लोक झाडांचा नादच सोडतात, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टँड कायमचा मुक्कामाला येतो. खरं तर बिगोनियाच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे कुंडी कुठे ठेवली. प्रकाशाचं गणित जमलं की पाणी, माती, खत या गोष्टी अगदी ऑफिसच्या वेळापत्रकात बसतात. ते चुकलं तर कितीही महागडं खत आणा, फुकट!

आधी ओळखपाळख

बिगोनियाच्या जगभरात दोन हजारांहून जास्त प्रजाती आहेत. फुलझाडांमधलं हे एक भलंमोठं कुटुंब. सतराव्या शतकात शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मिशेल बेगॉन या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ त्याला हे नाव दिलं. ओळखायची खूण एकदम सोपी. पान हातात घ्या आणि मधल्या शिरेवर घडी घाला. दोन्ही बाजू जुळत नाहीत! एक बाजू मोठी, एक लहान. आता फुलं बघा. एकाच झाडावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं असतात. ज्या फुलामागे तीन पंखांचा छोटासा फुगीर भाग दिसेल, ती मादी.

आता मुद्द्याचं. या दोन हजारांतले बहुतेक सगळे राहतात उष्ण प्रदेशातल्या जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत. वरच्या पानांतून गाळून आलेला उजेड, ओलसर हवा, आणि मुळांपाशी पालापाचोळ्याची भुसभुशीत गादी. अंधूक उजेडात जगण्यासाठी काहींनी भन्नाट युक्त्या शोधल्यात. मलेशियातल्या 'बिगोनिया पॅव्होनिना'ची पानं मोरपंखासारखी निळी चमकतात. ही चमक नटण्यामुरडण्यासाठी नाही. पानातल्या हरितकणांची रचनाच अशी आहे, की कमी उजेडात प्रकाशसंश्लेषण पाच ते दहा टक्क्यांनी चांगलं होतं, असं २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. आणि 'स्टार वॉर्स'च्या फॅन्ससाठी खास बातमी. मलेशियातल्याच सारावाकमध्ये सापडलेल्या, जवळजवळ काळ्या पानांच्या एका प्रजातीचं नाव २०१४ साली ठेवलं गेलं 'बिगोनिया डार्थवेडरिआना'!

इतक्या लांब कशाला जायचं? पावसाळ्यात तुम्ही ट्रेकला जाताच. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीतल्या घाटवाटेवर, पाणी झिरपणाऱ्या कातळाच्या सावलीतल्या बाजूला शेवाळात नीट बघा. फिकट गुलाबी, नाजूक फुलांचं वीतभर झाड दिसेल. तो 'बिगोनिया क्रेनाटा', आपला स्थानिक बिगोनिया. त्याचं घर बघितलंत की बिगोनियाची अख्खी केअर गाइड समजते. आभाळ भरलेलं, त्यामुळे उजेड भरपूर पण चटका नाही. कातळावर माती जेमतेम मूठभर. पाणी सतत येतं, पण थांबत नाही, वाहून जातं. पाऊस संपला की वरचं झाड दिसेनासं होतं आणि पुढच्या जूनपर्यंत छोटासा कंद दडून बसतो. (त्याला तिथेच राहू द्या हं. उपटून आणलेला शहरात टिकत नाही, आणि तो डोंगराचाच आहे.)

थोडक्यात फंडा असा: उजेड हवा, चटका नको. ओल हवी, साचलेलं पाणी नको. बाकी सगळं या दोन ओळींचाच विस्तार.

तुमची बाल्कनी कोणत्या दिशेची?

ब्रोकरने 'फुल सनलाइट, फुल व्हेंटिलेशन' सांगितलं होतं, ते विसरा. फोनमधला कंपास काढा आणि बाल्कनीचं तोंड कुठे आहे ते पाहा. पुढची माहिती मुंबई-पुण्याच्या अक्षांशाची, म्हणजे साधारण साडेअठरा-एकोणीस अंश उत्तरेची आहे.

*पूर्व:* जॅकपॉट! सकाळचं कोवळं ऊन दहा-साडेदहापर्यंत, नंतर दिवसभर उजळ सावली. बिगोनियाला याहून चांगली जागा मिळणं कठीण. जवळजवळ सगळे प्रकार इथे खूश राहतात.

*पश्चिम:* सगळ्यात अवघड. दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत ऊन, तेही दिवसातलं सगळ्यात तापलेलं. भिंत आणि फरशी तापते ती रात्रीपर्यंत गरम राहते. इथे शेडनेट लावल्याशिवाय बिगोनिया आणू नका. ५० टक्के सावलीची नेट बहुतेक वेळा पुरते, मार्च ते मे ७५ टक्क्यांची बरी. नेट आणि पानं यांत फूटभर अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे.

*दक्षिण:* इथे सूर्य आपल्याला गंडवतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर मध्यान्हीसुद्धा तो साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन चार फुटांची बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये शिरतं. उलट, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. तेव्हा तोंड बरोबर दक्षिणेला असलेल्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही! म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत कुंडी थंडीत आत सरकवायची आणि मेमध्ये कठड्याजवळ आणायची. आपण हमखास उलटं करतो.

*उत्तर:* 'उत्तरेला ऊनच नसतं' हे अर्धसत्य. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खरंच नसतं, फक्त उजेड असतो. पण एप्रिलपासून सूर्य उगवतो आणि मावळतो तो उत्तरेकडे सरकून. त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी साडेचारनंतर तिरपं ऊन आत डोकावतं. पानांसाठी लावलेल्या बिगोनियांना ही जागा छान. फुलवायचे प्रकार मात्र इथे थंडीत रुसतात.

या गणितात तुमच्या इमारतीचं व्याकरणही मिसळा. समोर काचेची ऑफिस बिल्डिंग असेल तर तिच्यावरून परावर्तित झालेलं ऊन उत्तरेच्या बाल्कनीतही चटका देऊ शकतं. समोरच्या टॉवरची सावली तिसऱ्या मजल्याला दिवसभर झाकते, बाराव्याला नाही. आणि बाराव्या मजल्यावर वारा जास्त, म्हणजे कुंडी दुप्पट वेगाने कोरडी.

कागद आणि हात: पाच मिनिटांची टेस्ट

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, ते जाम ॲडजस्ट करतात. ऑफिसच्या डेस्कवर साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो आणि आपल्याला तो 'लखख' वाटतो. भर दुपारचं उघडं ऊन असतं एक लाख लक्सच्या आसपास. बाहेरची मोकळी, उजळ सावली साधारण दहा ते वीस हजार. फोनवर लक्स मोजणारी ॲप्स मिळतात. आकडा तंतोतंत नसतो, पण बाल्कनीतल्या दोन कोपऱ्यांची तुलना करायला चालतो.

ॲपही नको असेल तर ही युक्ती. कुंडी ठेवायची त्या जागी पांढरा कागद ठेवा. त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा आणि सावली बघा.

• सावली काळी, बोटं कापल्यासारखी स्पष्ट: थेट ऊन. दुपारी अशी सावली पडत असेल तर ही जागा बिगोनियाची नाही.

• सावली दिसते, हात ओळखू येतो, पण कडा मऊ: हीच ती 'उजळ सावली'. शंभर टक्के बिगोनियाची जागा.

• नुसताच धूसर डाग, किंवा काहीच नाही: उजेड कमी. झाड जगेल कदाचित, फुलणार नाही.

ही टेस्ट रविवारी चार वेळा करा: सकाळी नऊ, दुपारी बारा, दोन आणि साडेचार. प्रत्येक वेळी बाल्कनीचा फोटो काढून ठेवा. चार फोटोंत तुमच्या बाल्कनीचा अख्खा बायोडेटा हातात! तीन महिन्यांनी हेच पुन्हा करायचं, कारण सूर्य जागा बदलतो.

कोणता बिगोनिया घ्यायचा?

नर्सरीवाले भाऊ बहुतेक सगळ्यांनाच नुसतं 'बिगोनिया' म्हणतात. त्यामुळे झाड बघून ओळखता आलं पाहिजे.

*वॅक्स बिगोनिया.* गोल, मेणचट चमकणारी पानं, बुटका, लाल-गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेला. उंची जेमतेम फूटभर. सुरुवात याच्यापासून करा. सकाळचं तीन-चार तास ऊन याला आवडतं. पानं तांबूस-तपकिरी असलेला प्रकार हिरव्या पानांच्या प्रकारापेक्षा ऊन जास्त सोसतो. पूर्वेच्या बाल्कनीत लाइन लावा, बघणारे विचारतील.

*केन बिगोनिया.* बांबूसारखं पेरांचं खोड, पंखाच्या आकाराची लांबट पानं, अनेकदा त्यांवर पांढरे ठिपके. 'एंजल विंग' म्हणतात तो हाच. सगळीकडे फोटोंत मिरवणारा ठिपक्यांचा 'मॅक्युलाटा' याच घराण्यातला, मूळचा ब्राझीलचा. उजळ सावली आणि तासभर कोवळं ऊन पुरे. तीन-चार फुटांपर्यंत वाढतो, म्हणून काठीचा आधार द्या आणि वाऱ्यापासून जपा.

*रेक्स.* फुलांसाठी नाही, पानांसाठी. चंदेरी, जांभळा, वाइन रेड, कधी गोगलगाईसारखी गुंडाळलेली पानं. आजच्या रंगीबेरंगी रेक्सचा मूळ पूर्वज आपल्याच आसामकडचा. त्याचं शास्त्रीय वर्णन १८५७ साली प्रसिद्ध झालं आणि युरोपातल्या बागांना त्याचं वेड लागलं. थेट ऊन अजिबात नको, हवेत ओलावा मात्र हवा. त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत तो तुलनेने सुखी, पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये वैतागतो.

*एलाटिअर किंवा रीगर.* डिसेंबर-जानेवारीत नर्सरीच्या दारातच ठेवलेला, गुलाबासारख्या भरगच्च फुलांचा. दिसायला सगळ्यात देखणा, आणि मैदानी उन्हाळ्यात सगळ्यात नाजूक. याच्या पूर्वजांपैकी एक आहे अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरचा, थंडीत फुलणारा बिगोनिया. पाहुणा म्हणून आणा. दोन-तीन महिने फुलला की पैसे वसूल. मार्चमध्ये गेला तर मनाला लावून घेऊ नका.

*कंदाचे बिगोनिया.* ताटलीएवढी फुलं! फोटो बघून ऑनलाइन कंद मागवण्याचा मोह होतो. यांचे पूर्वज अँडीज पर्वतातले. रात्री थंड हव्यात. ऊटी, दार्जिलिंगसारख्या ठिकाणी शोभतात. मुंबई-पुण्याच्या बाल्कनीत नकोच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. नर्सरीत झाड शेडनेटखाली वाढलेलं असतं. घरी आणून लगेच उन्हाच्या जागी ठेवलंत तर पहिल्याच आठवड्यात भाजेल. आधी आठवडाभर बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात, मग दर दोन दिवसांनी थोडं पुढे. नव्या जॉबमध्ये तुम्हालाही इंडक्शन मिळालं होतं ना?

झाड बोलतं, तुम्ही वाचा

• पानं फिकट, मधेच पांढुरके-तपकिरी कोरडे डाग, कडा कुरकुरीत: ऊन जास्त. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण नवीन पान कसं येतंय त्यावरून जागा जमली की नाही ते कळतं.

• दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, खोड लांबुडकं, झाड उजेडाकडे झुकलेलं, फुलं नाहीत: उजेड कमी. कुंडी कठड्याकडे सरकवा आणि दर आठवड्याला पाव फेरा फिरवा.

• दुपारी पानं मलूल, संध्याकाळी पुन्हा ताठ: उष्णतेचा ताण. आधी जागा बदला, लगेच पाण्याचा मग उचलू नका.

• माती ओली असूनही पानं लोंबलेली, खोड बुडाशी मऊ: मुळं कुजताहेत. पाणी बंद. वरचे निरोगी शेंडे कापून नवीन कटिंग लावा, तेवढीच आशा.

शेवटची दोन लक्षणं नीट वाचा. दोन्हींत पान लोंबतंच, पण उपाय वेगळा. म्हणूनच आधी बोट मातीत, मग निर्णय.

पाणी, माती, खत: ऑफिसच्या वेळात

*पाणी:* 'रोज एक कप' असा नियम नसतो. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. पाणी सकाळी निघण्याआधी द्या. रात्री दमून आल्यावर दिलेलं पाणी पानांवर रात्रभर राहतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. झारीचं तोंड पानांखाली, मातीजवळ. खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. (खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर नको. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव यायला वेळ लागत नाही.)

*माती:* नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते. एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग परलाइट, जाड वाळू किंवा भाताचं तूस. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावल्यावर सुटावा. परलाइट किंवा तूस वापरलं तर वजनालाही हलकं, म्हणजे कठड्यावरच्या स्टँडला आणि भाड्याचं घर बदलताना तुमच्या पाठीलाही बरं.

*कुंडी:* सहा इंचांची पुरते. 'वाढेल म्हणून मोठी घेऊ' हा शाळेच्या युनिफॉर्मचा नियम इथे चालत नाही. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त वेळ ओल, आणि ओल म्हणजे कुजलेली मुळं. पाणी घालायला विसरणाऱ्यांनी प्लॅस्टिकची घ्यावी, सारखं पाणी घालणाऱ्यांनी मातीची.

*खत:* वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा, पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. माती ओली असतानाच द्या. कडक उन्हाळ्यात सुट्टी. आजारी झाडाला खत म्हणजे तापात बिर्याणी.

*खुडणं:* वॅक्स आणि केन बिगोनियाचे शेंडे अधूनमधून खुडा. झाड बसकं आणि भरगच्च होतं. सुकलेली फुलं रविवारी काढून टाका. तेवढंच मेडिटेशन!

वर्षाचं कॅलेंडर

*मार्च ते मे:* परीक्षेचा काळ. बिगोनियाला साधारण १५ ते २७ अंशांत बरं वाटतं आणि पुण्यात पारा ३८-४०ला टेकतो. कुंड्या आतल्या बाजूला, एकमेकांजवळ ठेवा म्हणजे हवेत ओलावा टिकतो. रेक्सखाली खडे आणि पाणी भरलेली ताटली ठेवा, मात्र कुंडीचं बूड पाण्याला टेकू नये. फुलं कमी येतील. चालतं. या तीन महिन्यांत झाड जगवलं तरी तुम्ही पास.

*जून ते सप्टेंबर:* आपल्याला वाटतं, पाऊस म्हणजे झाडांची मज्जा. बिगोनिया मात्र सतत भिजला तर कुजतो. कुंडी स्लॅबखाली घ्या, पावसाचा थेट मारा नको. हवेतच इतका ओलावा असतो की चार-पाच दिवस पाणी लागत नाही. आभाळामुळे उजेड कमी, म्हणून या दिवसांत कुंडी कठड्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. कटिंग लावायला पावसाचा जोर ओसरल्यावरचे दिवस उत्तम.

*ऑक्टोबर ते फेब्रुवारी:* सीझन! ऑक्टोबर हीटचे दोन-तीन आठवडे सांभाळले की पुढे फुलंच फुलं. कोवळं ऊन बिनधास्त द्या. पुण्यात रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं तर रेक्स रात्रीपुरता आत. दिवसा कोरडं आणि रात्री गार, दमट अशा हवेत पानांवर पांढरी पावडर दिसू लागते. ती भुरी. तसली पानं लगेच काढा, कुंड्यांत अंतर वाढवा. जानेवारीच्या सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये आणि थोडं पुढे मुंबईत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं. बिगोनियाचे प्रकार शेजारी शेजारी बघायची मस्त संधी.

हमखास विचारले जाणारे प्रश्न

*दहा दिवस सुट्टीवर जातोय. काय करू?*
कुंड्या बाल्कनीच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात एकत्र ठेवा. बादलीभर पाण्यात सुती दोरीचं एक टोक, दुसरं मातीत दोन इंच खोल. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच. निघायच्या आधी दोन दिवस ट्रायल घ्या. कुंड्या पाण्याच्या टबात ठेवून जाऊ नका.

*मांजर आहे घरी. चालेल?*
कुंडी टांगून ठेवा. बिगोनियात ऑक्झलेट असतं. मांजर-कुत्र्याने चावलं तर तोंडाची आग, लाळ गळणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो. सगळ्यात जास्त त्रासदायक भाग म्हणजे कंद आणि मुळं.

*खोडाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय!*
पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम ऑइल, चार थेंब लिक्विड सोप. संध्याकाळी फवारा, उन्हात कधीच नाही. आधी एकाच पानावर लावून बघा.

*एका झाडाची दोन कशी करायची?*
केन किंवा वॅक्सचा चार इंचांचा शेंडा कापा, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात उजळ सावलीत ठेवा. दोन-चार आठवड्यांत मुळं येतात. ऑफिसमधल्या फेअरवेलला याहून स्वस्त आणि मस्त गिफ्ट सांगा!

या आठवड्याचा होमवर्क

खरेदी बंद. या रविवारी फक्त चार फोटो आणि कागद-हात टेस्ट. सोमवारी ते फोटो डब्बा खाताना शेजारच्या डेस्कवाल्याला दाखवा आणि त्याच्या बाल्कनीची दिशा विचारा. त्यालाही सांगता येणार नाही, पैज लावा. मऊ कडांची सावली पडणारी एक हातभर जागा सापडली की पुढच्या शनिवारी नर्सरी गाठा. पुणेकरांनी सोलापूर रोड धरायला हरकत नाही. आधी एकच वॅक्स बिगोनिया आणा, सहा इंचांच्या कुंडीत. तो तीन महिने टिकला तर केन. केन टिकला तर रेक्स. प्रमोशनसुद्धा असंच होतं, एकेक ग्रेड!

आणि पुढच्या वेळी मंगळवारी दुपारी दोन वाजता, मीटिंग लांबली आणि स्लाइड क्रमांक ४७ चालू असली, की घड्याळाकडे बघा. बाल्कनीत ऊन कुठे आलंय ते आता तुम्हाला माहीत असेल.

*पुढच्या आठवड्यात: पश्चिमेच्या बाल्कनीवाल्यांनो, हिरमुसू नका. कडक ऊन आवडणारी पाच झाडं, खास तुमच्यासाठी.*